टिचकी

स्केलवाइकच्या संग्रहालयात, देवमाशाच्या जबड्याखालून आत गेलं
की डाव्या हाताला, दुर्बिणींच्या मागे,
तपकिरीची एक डबी.
आत कांद्याच्या पापुद्र्यासारखं काहीतरी.
शाळेची मुलं तिथे थांबत नाहीत.

डॉर्कस हार्लंडचा मुलगा तोंडावर झिल्ली घेऊन जन्मला.
सुईण म्हणाली, हा बुडायचा नाही.
आणि झिल्ली ज्याच्या खिशात, तोही नाही.
तिसऱ्या दिवशी कॅप्टन स्टॉर जिना चढून आला,
टोपी हातात, मान तिरकी,
(तिथली छतं अजून तशीच बुटकी आहेत)
आणि सहा गिनी मोजल्या.
त्या हिवाळ्यात हार्लंडांकडे कोळसा होता.
पोराचं नशीब विकलंस, शेजारीण म्हणाली.
नशिबावर भाकरी भाजत नाही, म्हणाली डॉर्कस.

सुईणीने दारातून जाता जाता आणखी एक सांगितलं होतं:
पोर धडधाकट, तोवर झिल्ली पापडासारखी कडक.
मऊ पडली, तर समजा.
हे स्टॉरच्या कानावर कसं गेलं, ठाऊक नाही.

सात उन्हाळे तो ग्रीनलंडकडे गेला, सातही वेळा परतला,
चरबीची पिंपं घेऊन, गावभर वास.
रोज रात्री डबी उघडायचा.
नखाने टिचकी. वाजली, की झोप.
खलाशांना वाटे, कॅप्टनला तपकिरीचं व्यसन.

आठव्या वर्षी, जहाज बर्फात रुतलेलं,
सूर्य मावळायचं विसरलेला,
टिचकी वाजली नाही.
रोजनिशीत त्या दिवशी:
वारा वायव्येचा. बर्फ दाट. एक अस्वल दिसलं.
खाली:
हार्लंडांचा मुलगा
एवढंच. क्रियापद नाही.

ऑगस्टअखेर जहाज धक्क्याला लागलं,
तेव्हा डॉर्कस हेरिंग चिरत होती.
तिने मान वर करायच्या आत त्याने टोपी काढली.
तुम्हाला कुणी सांगितलं? तिने विचारलं.
घटसर्पाने गेलेल्या पोराची बातमी घेऊन
उत्तरेला एकही गलबत गेलं नव्हतं.
त्याने डबी पुढे केली.
तिने सुरी खाली ठेवली नाही.
ठेवा तुम्ही, म्हणाली. ते पैसे तर केव्हाच जळून गेले.

स्टॉर बिछान्यात मेला, म्हातारा होऊन, कोरडा.

शनिवारी इथल्या काचा मी पुसते.
समुद्रावरून धुकं चढलं की झिल्ली लोळागोळा होते.
दमट हवा, दुसरं काय.
पण जूनमध्ये कोरडा वारा सुटला की
पुन्हा कडक होते,
आणि त्याला काय म्हणायचं, ते मला कुणी सांगितलेलं नाही.

कुलूप लावण्याआधी एक टिचकी मारते.
वाजते.
काच आहे, वाजणारच.