जागृती, तोरणमाळला जाशील तेव्हा

शहाद्याहून सकाळची गाडी पकड, दुपारची नको.
दुपारच्या गाडीत सिमेंट चढतं, कोंबड्या चढतात,
जावईबापूंना खिडकी मिळायची नाही.
सात पायरीचा घाट लागला की ड्रायव्हर गाणी बंद करतो.
तेव्हा तूही बोलणं बंद कर,
पोटातलं भरीत जागच्या जागी राहील.

तुझी सासू फोनवर म्हणाली, तठे काय शे देखासारखं?
बरंच आहे, सांग त्यांना.
यशवंत तलाव आहे. काठावर कणीस भाजून देतात,
लिंबू जास्त मागून घे.
कमळांचा तलाव आहे,
पण उशिरा उठणाऱ्यांसाठी कमळं थांबत नाहीत.
मच्छिंद्रनाथाच्या गुंफेत वाकून जा,
जावई उंच आहेत, त्यांना आधीच सांग.
स्वेटर ने. खाली शहाद्यात पंखा लावून झोपतात
तेव्हा वर मी दोन गोधड्या घ्यायचे.

सीताखाईवर सगळे आपापलं नाव ओरडतात
आणि खाई ते परत देते.
मी एकदा औषधांची मागणी-यादी ओरडले होते,
लोहाच्या गोळ्या, ओआरएस, हातमोजे साडेसहा नंबर.
खाईनं सगळी जशीच्या तशी परत पाठवली,
जिल्ह्यासारखीच.

विश्रामगृहामागं एक चपटा दगड आहे.
त्याच्यावर उभं राहिलं की फोन लागायचा.
आता टॉवर झालाय म्हणतात, दगडाला कोण विचारतं.
त्या दगडावरून मी अकरा वर्षं गाडी मागितली.
कधी यायची.

उतरताना पाचव्या वळणावर मागं बघ,
पुढं बघून तो खडक दिसत नाही.
दुलीबाईला झोळीतून तिथवर आणलं होतं,
एक बांबू, एक घोंगडी, चार माणसं,
पाचवा तिचा नवरा सायसिंग, बॅटरी धरून पुढं,
आणि बॅटरीचे सेल मरत आलेले.
जीप त्या वळणावर भेटणार होती.
जीप भेटली नाही, पोर भेटली.
ब्लेड नवीन होतं, दोरा उकळलेला होता,
पुसायला माझाच पदर.

पाड्यावर जाऊन वजन केलं, एक किलो नऊशे.
सडकेवर झाली म्हणून नाव ठेवलं सडकी.
शाळेत मास्तरांनी संध्या लिहिलं असेल,
मास्तर तसं करतात.

महिन्यानं परत वजनाला येते, म्हणाले होते मी.
बदलीचा कागद त्याआधी आला.
खूश झाले होते गं, खोटं कशाला बोलू.
सगळ्यात आधी कुकर बांधला.
कुणाला भेटले नाही, कारण भेटत बसले असते
तर सकाळची गाडी गेली असती.
रजिस्टर माझ्याकडेच राहिलं, कपाटात आहे, साड्यांखाली.
पहिल्या रकान्यात एक किलो नऊशे.
दुसरा रकाना कोराच आहे, बघ कधीतरी.

ती आता एकोणीस वर्षांची.
असेल.

म्हणून घाटाच्या तोंडाशी बाया सीताफळं घेऊन बसतात ना,
तिथं उतरून टोपलंभर घे.
भाव करू नकोस, डोळे फुटलेली आधी खा,
बाकीची गवतात ठेव.
पैसे देता देता सहज विचारल्यासारखं विचार,
सायसिंगची सडकी कुठं असते?
हसल्या तर बरं आहे.
गप्प झाल्या तर पुन्हा विचारू नकोस,
पाणी पी आणि गाडीत बस.
माझं नाव कशाला सांगतेस.
सिस्टर म्हटलं तरी त्यांना कळेल.
नाहीतर नाही कळणार, माझ्यानंतर तिघी येऊन गेल्या.

फोटो काढायचाच असेल तर पाड्यातल्या मोहाचा काढ.
एक फांदी आडवी गेलीय, खांद्याइतकी,
काटा मी तिलाच टांगायचे.
दोरीचा काच अजून दिसतो का बघ.

आणि शेवटची गाडी चारला.
खरं म्हणजे साडेचारला.
पण तू आपली चारलाच जाऊन उभी राहा.