सात पौंड, चार शिलिंग

अँब्रोजच्या चौदा महिन्यांचा हिशेब
एका चिठ्ठीवर मावला :
सात पौंड, चार शिलिंग.
खाली कारकुनाची सही,
टोपलीतून निसटलेल्या वामेसारखी वळवळती.

लंडनला जा म्हणाले, खजिन्यात वटेल.
गेले. दोन दिवस चालत, हेस्टरला पाठुंगळी घेऊन.
खिडकीमागचा म्हणाला, खजिन्यात पैसे नाहीत,
पण चिठ्ठी खरी आहे हो,
जपून ठेवा.

जपली.
हॉस्किनच्या गुत्त्यात तिला तीन पौंड येत होते,
नाताळात दोन,
मग त्यानं नुसती खोक्याची झाकणी उचलून दाखवली.
आत अख्ख्या चॅटमचे नवरे
घडी घालून ठेवलेले.

मी गोदीत जुने दोर पिंजते.
फळ्यांच्या फटीत भरायला काथ्या लागतो,
राजाची जहाजं आमच्या बोटांवर तरंगतात.
गोदीचे पैसेही थकलेत.
यंदा जहाजं बांधून ठेवलीत, शिडं उतरवून,
आणि नदीवर साखळी ओढलीय, म्हणाले,
कडी माझ्या मनगटाएवढी.
पेशन्स व्हिडल म्हणाली, आता निजा निवांत.

जूनमध्ये डच आले.
भरतीवर बसून, पाहुण्यासारखे,
कुठं वळायचं ते माहीत असलेले.
साखळी तुटल्याचा आवाज मी ऐकला नाही,
सगळे ऐकला म्हणतात.
मला आठवतो तो डांबराचा वास,
आणि बदकं. सगळी बदकं आमच्या अंगणात आली होती.
तोफांची दारू दुसऱ्या दिवशी पोचली,
वरातीमागून घोडं,
आणि गोळे त्या तोफांच्या मापाचे नव्हते.

मग धुरातून एक हाक.
जहाज त्यांचं, बोली आमची, अगदी केंटची :
‘हॉस्किनला सांगा,
उधारी डच चांदीत फेडतो!’

काठावर कुणीतरी हसलं. मग कुणीच नाही.
हॉस्किनची उधारी कुणावर नव्हती?
पण हेस्टरनं माझा पदर ओढला,
‘आई, बाबा.’
गप, म्हणाले. बाबा समुद्रात आहेत.
‘हो,’ ती म्हणाली, ‘तिथूनच आले.’

मागल्या लढाईत तो फ्लशिंगला कैदेत होता, एक हिवाळा.
नेल्टये नावाची म्हातारी गजांतून खारवलेले मासे द्यायची.
परतल्यावर सांगायचा,
ते पाण्याला वाटर म्हणतात, टॅमझिन,
आपण वॉटर.
एवढ्याशा फरकासाठी
माझ्या शेजारच्या पोराचा गुडघा गेला.

ऑगस्टमध्ये कारकून आला, वही घेऊन.
कुणाकुणाचे नवरे शत्रूच्या जहाजावर होते?
पेशन्स माझ्याकडे बघत नव्हती,
म्हणजे बघतच होती.
मी हात वर करून शपथ घेतली :
बुडाला. गेल्या वर्षी. चार दिवसांच्या त्या लढाईत,
तिसऱ्या दिवशी, दुपारी.
दुपारी का म्हणाले, मलाच कळलं नाही.
कारकुनानं ‘दुपारी’ लिहून घेतलं.

विधवेला अकरा महिन्यांचा पगार मिळतो.
मिळतो म्हणजे, चिठ्ठी मिळते.

आता पेटीत दोन आहेत.
एका चिठ्ठीवर तो जिवंत आहे,
दुसरीवर नाही,
सही त्याच वामेची.
दोन्ही हॉस्किनपुढे ठेवल्या.
त्यानं दिवा जवळ ओढला, वाचल्या,
आणि म्हणाला, टॅमझिन,
सध्या मेलेल्याला भाव बरा आहे.

आज पिंजायला जळका दोर आलाय,
कुठल्या जहाजाचा, विचारलं नाही.
वरचं वरचं हातात घेताच राख होतं.
सुंभ जळतो. पीळ राहतो,
आणि तो सोडवायला
गोदीत आम्हा बायकांना ठेवलंय,
दिवसाला चार पेनी,
चिठ्ठीवर.