मागं कोण बसणार

शोरूममधल्या पोरानं मायलेज सांगितलं,
पिकअप सांगितला, हप्ता सांगितला,
"मॅडम, स्कूटर बघा की, लेडीज तीच घेतात" हेही सांगितलं.
मागं कोण बसणार
हे काही त्यानं विचारलं नाही.

ते विचारलं अलीमभाईनं,
वसमत रोडच्या पत्र्याच्या गॅरेजात,
हात रॉकेलात बुडवलेले असताना.
बाबा, म्हणलं. वजन एक्क्याऐंशी.
डावा गुडघा वाकत नाही, आत सळई आहे.
अलीमभाईनं हात पुसले.
"पैले पाँव नापते. गाडी बाद में."

आणि खरंच टेप घेऊन घरी आला.
बाबा खुर्चीत, पाय सरळ पुढं,
गेली एकोणीस वर्षं असाच,
येणाऱ्या-जाणाऱ्यानं ओलांडायचा उंबरठा.

मग गाड्या बघत हिंडलो.
बुलेट बाबांना आवडली, पण तिच्यावरून
माझे पाय जमिनीला टेकेनात.
चौकात थांबल्यावर काय
बापानं उतरून धरायची?
पोरांच्या त्या दीडशेवाल्या,
मागचं सीट चिमणीला बसायला केलेलं.
शेवटी जिंतूरच्या एका मास्तरांची
जुनी सव्वाशेची मिळाली,
लांब सपाट सीट, टाकीला पोचा, आवाज निवांत.

काम नऊ दिवस चाललं.
मागचे शॉकअप शेवटच्या खाचेवर.
गफूरनं सीट उसवून खाली काथ्या भरला, वर फोम,
नुसता फोम बसून जातो म्हणाला, माणसासारखा.
पुढच्या गार्डाला डाव्या अंगानं
वीतभर पाइप वेल्ड केला, माझ्या गिअरच्या बाहेरून,
त्यावर बाबांची टाच.
साडीगार्ड काढू का, भाईनं विचारलं.
मी पँटच घालते. तरी राहू दे म्हणलं,
पिशवी अडकवायला.

पहिल्याच दिवशी झरीच्या वळणावर पडता पडता वाचलो.
मी डावीकडं झुकले, बाबा उजवीकडं.
गाडी मधल्या मधे गोंधळली,
आमच्या भांडणात आई गोंधळायची तशी.
"बाबा, माझ्यासंगं झुका ना."
"अगं, खांबावर मागंच रेलायचं असतं.
पट्ट्यावर भार टाकला की हात मोकळे."
वीस वर्षं विजेच्या खांबांवर चढलेलं अंग ते.
त्याला मागून धरणारं काहीतरी लागतं.

संध्याकाळी त्यांनी ट्रंक उघडली.
लाइनमनचा पट्टा, चामड्याचा, तळहाताएवढा रुंद,
बक्कल काळं पडलेलं, आतून शाईनं नंबर.
बोरीजवळ ते ज्या दिवशी पडले
त्या दिवशी हा घरात होता, खुंटीला.
इतकी वर्षं त्याबद्दल कुणी बोललं नाही.
आताही नाही बोललं.
अलीमभाईनं तेल चोळून मऊ केला,
मागं दोन पाइप उभे करून
त्यांच्यामधे ताणला, रिबिट मारले.
बाबांनी पाठ टेकून बघितली.
"ढिला आहे. एक भोक आत घे."

आता झरी मागं पडतं, बोरी येतं,
बाबा मागून खांब वाचत असतात.
हा वाकला. ह्याचा इन्सुलेटर फुटलाय, कुणी बघत कसं नाही.
हा माझा. मुरूम लागला होता, दोन दिवस खोदत होतो.
वळण आलं की मला काही सांगावं लागत नाही,
त्यांचा भार आधीच तिकडं गेलेला असतो.

फक्त सोमवारी एकटीच बँकेत निघते तेव्हा
गाडी खड्ड्याखड्ड्याला उडते, कंबर मोडते,
शॉकअप दोन माणसांना लावलेले.
अलीमभाई म्हणतो, दो मिनट का काम है, ढिले कर देतूँ.
राहू दे, म्हणते.
आणि पाइपावर कुणी नसतानाही
गिअर टाकताना डावा पाय आत घेते,
टाचेला लागू नये म्हणून.