वाक्यात उपयोग करा

झेस्ताफोनीच्या शाळेत सव्वीस वर्षं
मी रशियन शिकवलं.
मग एका सप्टेंबरात सांगण्यात आलं,
लामारा, आता इंग्रजी.
तेव्हापासून मी वर्गाच्या एक पान पुढे असते,
फक्त एक पान.
रात्री शेगडीपाशी शब्द घोकायचे
आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर असे लिहायचे
जसे काही ते मला जन्मापासून येतात.

संध्याकाळचा वर्ग मोठ्या माणसांचा.
गुरुवारी पाच शब्द, तेही अवघड यादीतले.
अर्थ मी सांगते, वाक्य त्यांनी करायचं.
पुस्तकातलं नको, स्वतःचं आणा,
पुस्तकातलं मलाही पाठ आहे.

रिलक्टंट.
मनाविरुद्ध, पाय मागे ओढत.
एतेरीनं लिहिलं, माझी गाय बुधवारी रिलक्टंट असते.
बुधवारीच का?
बुधवारी मी बाजारात जाते, बाई,
धार नवरा काढतो.
बरोबरची खूण केली.

युबिक्विटस.
जिथे पाहावं तिथे असलेलं.
भट्टीवर काम करणाऱ्या नुगझारनं
खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं,
काळं झालेलं बोट मला दाखवलं
आणि वही कोरी ठेवली.
याला गुण किती द्यायचे
हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

ऑब्सोलीट.
हा शब्द आदल्या रात्री मी दोनदा ओलांडून गेले होते.
कालबाह्य, मी म्हटलं, उदाहरणार्थ,
आणि पुढे काही सुचेना.
समोर जे बसले होते
त्यांतल्या निम्म्यांना मीच रशियन शिकवलेलं.
खडू हातात तसाच.
मागून कुणीतरी म्हणालं, फॅक्स मशीन,
हळूच, आणि शुद्ध रशियनमध्ये,
पंचवीस वर्षांपूर्वी मी घोटून घेतलेल्या उच्चारात.

गुराम शेवटच्या बाकावर.
बाहत्तर वर्षांचा वेल्डर.
त्याची नऊ वर्षांची नात लीड्सला असते,
ती फोनवर त्याला म्हणाली होती,
बाबुआ, यू आर इन्कॉरिजिबल.
तेवढा एक शब्द आमच्या गोल गोल लिपीत
सिगरेटच्या पाकिटावर उतरवून
तो नोव्हेंबरात वर्गात आला.
कधीच न सुधारणारा, मी अर्थ सांगितला.
आठवडाभर गल्लीत मिरवत होता.

त्या गुरुवारी पाचवा शब्द होता इन्डेलिबल.
पुसता न येणारा.
गुरामचं वाक्य:
माय वाइफ सिंग इन किचन. ही इज इन्डेलिबल.

आमच्या भाषेत तो, ती आणि ते
तिघांना मिळून एकच शब्द.
नवरा, बायको, नदी, तवा,
कोण कुठल्या लिंगाचं, कुणी विचारत नाही.
इंग्रजी विचारते.
मी लाल पेन उघडलं,
ही खोडलं, वर शी लिहिलं.
मग सिंगवर आले.

त्सियालाला जाऊन तीन वर्षं झाली.
तिच्या मागच्या जेवणाला मी होते,
गुरामनं उभं राहून पेला उचलला होता
आणि एक शब्द न बोलता खाली ठेवला होता.
इथे सँग हवं.
भूतकाळ, साधा, अनियमित क्रियापद, पान चाळीस.
मुलांच्या वहीत हे मी डोळे मिटून दुरुस्त करते.

पेनाची शाई कागदावर टेकून थोडी पसरली.
सिंगला मी शेवटी एक एस जोडला.

वही परत घेताना त्यानं चष्मा वर केला.
हा एस कशाला?
रोज होणाऱ्या गोष्टीला लागतो, म्हटलं.
हं, तो म्हणाला, बरं झालं सांगितलंत,
आणि वही कोटाच्या आत, स्वेटरलाही आत सारून,
बटणं लावत बसला,
एक बटण चुकलं, पुन्हा पहिल्यापासून.

मी दिवे मालवले.
क्विरिलाच्या पुलावर वारा होता.
उद्याचं पान अजून वाचायचं होतं.