क्रमांक सात

त्या हिवाळ्यात बाराजणांशी बोलले मी.
शाळेत जाणं थांबवलेली, सोळा-सतराची मुलं.
आईला फोनवर गावाचं नाव सांगितलं, डंडी,
तर हसली. म्हणाली, दांडी मारणाऱ्यांचा अभ्यास करायला
गावही बरं शोधलंस.
मग विचारलं, किती जण बरे झाले?
बरं नाही करत गं, फक्त ऐकते.
मग एवढी स्कॉलरशिप कशाची देतात, म्हणाली.

कम्युनिटी सेंटरमधली वाद्यांची खोली.
भिंतीकडे तोंड करून चेलोच्या पेट्या,
शिक्षा झालेल्या पोरांसारख्या.
टेबलावर टिश्यूचा डबा, रेकॉर्डर, संमतीपत्र:
चौदा दिवसांत, कारण न देता,
मी माघार घेऊ शकते/शकतो.
इंग्रजीत तिथे तिरपी रेघ लागत नाही.

इंग्रजीत लपवणं सोपं.
नाव काढलं, शाळा काढली,
भाऊ होता तिथे 'नातेवाईक' घातलं,
की माणूस विरघळतं, धुक्यातल्या टे नदीवरच्या पुलासारखं.
मराठीत क्रियापद चुगली करतं.
आला म्हटलं की कळलं. आली म्हटलं की कळलं.
म्हणून सातला मी नपुंसकलिंगात ठेवते,
जसं म्हणतो आपण,
लेकरू आलं, बसलं, इकडेतिकडे बघत राहिलं.
कोट काढला नाही त्यानं.

चोपन्न मिनिटं.
त्यातलं काही सांगणार नाही.

एवढंच सांगते की उतरवून काढायला पाच संध्याकाळी गेल्या,
की शेजारच्या खोलीतली एलिध
दार वाजवून सूप ठेवून गेली आणि ते गार झालं,
की सातच्या ओळींना आधी निळा रंग दिला, मग हिरवा,
मग कळेना, तेव्हा दोन्ही.
शीनानं, माझ्या गाईडनं, समासात लिहिलं:
हा तुझ्या प्रबंधाचा कणा.

तेराव्या दिवशी ईमेल.
माझं काढून टाका, प्लीज. सॉरी.
सॉरीचं स्पेलिंग चुकलेलं.
कारण नव्हतं. लागतही नव्हतं. नियम मीच टाइप केला होता.

काढलं.
रेकॉर्डिंग, उतारा, दोन्ही रंग, राखीव प्रत,
राखीव प्रतीची मी भीतीपोटी केलेली प्रत.
दर वेळी कॉम्प्युटर विचारायचा, नक्की?
शीना म्हणाली, बरोबर केलंस.
चहा केला तिनं. कण्याबद्दल कोणीच बोललं नाही.

पण कानातून कसं काढतात ते मॅन्युअलमध्ये नाही.
पर्थ रोडवरच्या बेकरीत, रांगेत,
पुढच्या बाईनं सहज एक शब्द वापरला,
त्या चोपन्न मिनिटांतला,
आणि मी पाव न घेताच बाहेर, वाऱ्यात.

एकतिसाव्या मिनिटाला एक शांतता होती.
एकोणीस सेकंद, मी मोजून कंसात लिहिलेली.
रेडिएटर ठोके देत होता, छपरावर सीगल भांडत होते.
बोललेलं सगळं सातचं. ते परत केलं.
पण त्या एकोणीस सेकंदांत मीही गप्प होते.
निम्मी तरी माझी असेल?
आचारसंहिता चाळली. शांततेच्या मालकीबद्दल
तिच्यात काही नाही.

प्रबंधात एक ओळ आली आहे, पान अठ्ठ्याऐंशी:
सहभागी बारा, एक माघार, विश्लेषण अकरांचं.
शीना म्हणते, पुरेशी आहे.

विसाव्या सेकंदाचं मात्र कुठेच लिहिलेलं नाही.
विसाव्या सेकंदाला मी खाली बघितलं
आणि यादीतला पुढचा प्रश्न विचारला.
सातनं उत्तर दिलं, नीट, पूर्ण वाक्यात,
आणि कोटाचं वरचं बटण लावलं.
बटणाचा आवाज तसाही
टेपवर येत नाही.