पान एकशे बारा

चार हिवाळे ऑर्विल हॉगस्टॅडच्या शेडमध्ये
पलटणीतून निघालेला तो लोडर उभा.
हिरव्या रंगाखाली आणखी एक हिरवा,
त्याखाली पुसट आकडे.
पंपाचं पोट उघडं टाकून ऑर्विल म्हणायचा,
कुठली नळी कुठली, ती जाणो!

मग मिनॉटहून खोकं आलं,
कुण्या फौजी मेकॅनिकच्या बायकोनं धाडलेलं.
पुस्तिका दोन, ग्रीसच्या बोटांसकट.
पान एकशे बारा : आकृतीवर पेन्सिलीची फुली,
शेजारी तिरकं अक्षर—
‘हे चूक. आधी डावी झडप सोड. घाई नको.’

त्यानं डावी सोडली.
घाई केली नाही.

कण्हत कण्हत बकेट उचलली,
छपराला टेकली.
खाली आणायची रीत पुढच्या पानावर.
ते फाडून कुणीतरी
कधीच हात पुसले होते.