केसाएवढं

चाकू लावायचा, चालवायचा नाही.
केबल फिरवायची, चाकू आपल्या जागी.
गेथिनमामा एवढंच सांगतो
आणि थर्मासचं झाकण काढतो.

काळ्या सालीखाली तांब्याची जाळी,
ती उसवून मागे दुमडायची,
भांडी घासताना बाही सारतो तशी.
मग पांढरा फेस. मग एकटी तार.
तार बाहेर ठेवायची ओटच्या अर्ध्या दाण्याएवढी.
माझ्या पहिल्या सहा कनेक्टरांत
चार वेळा तारच कापली गेली.
मामाने तुकडे मोजले, बोलला नाही.

या गावात डोंगर टॉवरच्या आड येतो.
पाटीच्या दगडाची छपरं, पाटीच्या दगडाची कुंपणं,
खाणीतून काढून टाकलेल्या पाटीच्या दगडाचेच डोंगर.
मॉर्विदबाईंचं घर चढावर, सगळ्यात शेवटी.
रस्त्यावरून लॉरी गेली
की बातम्या सांगणाऱ्या बाईचे चौकोन होतात,
ओठ एकीकडे, वाक्य दुसरीकडे.
मुलाने कार्डिफहून नवा टीव्ही पाठवला.
चौकोन तेच, फक्त मोठे.

मामा खाली उभा राहून
उंटावरून शेळ्या हाकत होता,
मी शिडीवर, ॲन्टेनाचे स्क्रू आवळत.
वर सगळं ठीक होतं.
खोट टीव्हीमागे होती, जुन्या प्लगच्या पोटात:
जाळीतला एक केस सुटून तारेला टेकलेला,
आणि पकड सैल म्हणून
आत खोचलेली अर्धी काडी, आगपेटीतली.

"इदवलने बसवलाय तो," बाई म्हणाल्या,
"नखं कापायच्या कात्रीने. इथंच, गुडघ्यावर बसून.
त्याने हात लावलेलं कधी बिघडलं नाही."

माझ्या जिभेवर आलं होतं.
मामाने कप खाली ठेवला.
"पाणी शिरलं होतं वरून," तो म्हणाला,
"पावसापुढे काय चालतं कुणाचं."
वर टेप कोरडी होती. मीच बघितली होती.

नवा कनेक्टर मी बसवला.
जाळीचा केस न् केस मागे वळवून,
बोटाने चाचपून, पुन्हा चाचपून.
लॉरी गेली. बातम्यांतली बाई अख्खी राहिली.
मॉर्विदबाई तिच्याकडे बघत होत्या,
की तिच्या बाजूच्या भिंतीकडे, कळलं नाही.

व्हॅनमध्ये खिसा चाचपला तर
जुना प्लग माझ्याकडेच राहिलेला.
उतारावर मामाने गिअर बदलला.
मी काडी बाहेर काढली.
तिचं गुल शाबूत होतं.

ओढून बघितली नाही.